१९६४ ची एमजीबी: आधीचे तीन मालक, बिस्किटाच्या डब्यातले कागद आणि रिस्टोरेशन

जुनी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायची तर आधी कागद बघायचे आणि मग पत्रा, असं मी आता विचारेल त्या प्रत्येकाला सांगतो. पत्रा नवीन मिळतो. इंजिनाचे पार्ट मिळतात, सीटची कव्हरं मिळतात, आख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी मिळते. पण ती गाडी कुणाकडे होती, कुठे फिरली, कधी कशामुळे बंद पडली, हे एकदा हरवलं की कुठल्याही कॅटलॉगमधून मागवता येत नाही.

माझी गाडी एप्रिल १९६४ ची. एमजीबी रोडस्टर, म्हणजे टप काढता येणारी टू सीटर. चॅसी नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, त्यातल्या एन वरून कळतं की ही उघडी गाडी, जीटी, म्हणजे पक्क्या छपराची, असती तर तिथे डी असतं. दरवाज्याला बाहेरून ओढायचं हँडल आहे, बटणवालं नाही, म्हणून एमजीवाले लोक हिला पुल-हँडल गाडी म्हणतात. ही हँडलं १९६५ च्या सुरुवातीपर्यंतच लावली, त्यामुळे हौशी लोकांना या सुरुवातीच्या गाड्यांचं विशेष प्रेम. आम्ही इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहतो, इथून ॲबिंग्डन अगदी जवळ, आणि १९२९ पासून १९८० पर्यंत एमजीचा कारखाना तिथेच होता. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली, जीटी धरून पाच लाखांच्या वर गाड्या, त्यातल्या बहुतेक बोटीत बसून अमेरिकेला गेल्या. इंग्लंडमध्ये विकलेली, इंग्लंडमध्येच राहिलेली उजव्या स्टिअरिंगची पुल-हँडल गाडी मिळाली तर तिचे कागदही याच देशात सापडतील असा माझा हिशोब होता आणि तो बऱ्यापैकी खरा ठरला.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात बाबांचं लेथचं शॉप, त्यामुळे लोखंड, ग्रीस आणि कूलंटचा वास हा घरचाच वास. इथे नोकरीला आल्यापासून एखादी जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी करायची असं डोक्यात होतं. एमजीबी निवडायचं कारण साधं, ही गाडी सामान्य माणसासाठी केलेली स्पोर्ट्स कार होती. आली तेव्हा टॅक्स सोडून किंमत ६९० पौंड. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, मूळ सेडान गाड्यांसाठीचंच, त्यावर दोन एसयू कार्बोरेटर, ९५ हॉर्सपॉवर आणि ताशी शंभर मैलांच्या जरा वर वेग. सिड एनेव्हर यांच्या हाताखाली डॉन हेटर यांनी हिचं डिझाइन केलं, आणि आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती ती काढून हिला मोनोकॉक बॉडी दिली. म्हणजे ताकद सगळी पत्र्यातच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण यावरच आहे.

गाडी मिळाली ती २०१९ मध्ये, ग्लॉस्टरशरमधल्या एका घराच्या मागच्या गॅरेजमध्ये. लाल रंग, तोही फिकट झालेला, टायर बसलेले, वायर व्हीलच्या आऱ्या गंजून तपकिरी. गाडीचे मालक, एक म्हातारे काका, वारले होते आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, गॅरेज रिकामं करायचं होतं. बघायला आलेल्या आधीच्या दोघांनी म्हणे फक्त खाली वाकून सिल, म्हणजे दरवाज्यांखालचे लांबट पत्रे, ठोकून बघितले आणि भाव पाडला. मी पण वाकून बघितलं, अर्थात, पण नंतर विचारलं की कागद काही आहेत का, तर काकू आत जाऊन बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात जुनी घडीची लॉगबुकं (गाडीच्या नोंदणीची), एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची, सर्टिफिकेटं, गॅरेजची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, पार्टच्या पाकिटांवरची लेबलं, दोन फोटो, सगळं. मी तिथेच ठरवलं की गाडी घ्यायची. भाव मी फार केला नाही, त्या डब्याला माझ्या लेखी किंमत होती.

आता मालकांबद्दल सांगतो, नावं कुणाचीच घेत नाही. पहिली मालकीण एक पशुवैद्य बाई, वूस्टरशरच्या. तेव्हाची लॉगबुक कौन्सिल द्यायची, मालक बदलला की नवीन नाव लिहून शिक्का मारायचे, स्वान्सीचं केंद्रीय ऑफिस १९७४ नंतरचं. त्यामुळे जुन्या लॉगबुकात मालकांची यादी एकाखाली एक सरळ दिसते. बाईंनी १९६४ मध्ये नवी घेतली आणि १९७१ पर्यंत वापरली, रोज वापरली असणार, कारण सर्व्हिसची बिलं अगदी नियमित आहेत आणि मैल भराभर वाढत गेलेत. एका बिलावर किंगपिनला (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) ग्रीस मारल्याची नोंद आहे आणि बाजूला बाईंच्या अक्षरात पेन्सिलने तारीख. या गाडीच्या किंगपिनला वरचेवर ग्रीस लागतं, न दिलं तर त्या झिजतात आणि स्टिअरिंग जड होतं, हे बाईंना माहीत होतं. त्यांच्याबद्दल मला त्या पेन्सिलच्या एका ओळीवरून फार आदर वाटतो.

दुसरा मालक बर्मिंगहॅमचा एक तरुण, १९७१ ते १९७८. याच्या काळात गाडीचं रूप बदललं. १९७३ चं एक बिल आहे, गोल्ड सील इंजिनाचं. गोल्ड सील म्हणजे कंपनीनेच रिकंडिशन केलेलं इंजिन, जुनं जमा करायचं आणि हे घेऊन जायचं. मूळ एमजीची इंजिनं मरून रंगाची, ही सोनेरी रंगवून यायची. मी बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन काळ्या तेलकट थराखाली होतं, पण डिस्ट्रिब्युटरच्या मागे जिथे कुणाचा हात जात नाही तिथे खरवडलं तर सोनेरी निघालं. बिल हातात नसतं तर इंजिन नंबर जुळत नाही म्हणून मी कपाळाला हात लावला असता. बिल होतं म्हणून तो नंबर न जुळणं हाच गाडीचा इतिहास झाला.

तिसरे मालक हे ग्लॉस्टरशरचे काका. १९७८ पासून अखेरपर्यंत. त्यांची एमओटीची सर्टिफिकेटं वर्षावर्षाची लावून ठेवलेली. मीटरला आकडे पाचच, एक लाख मैल झाले की पुन्हा शून्यापासून, त्यामुळे नुसता मीटर बघून काहीच कळत नाही. पण सर्टिफिकेटं ओळीने मांडली तर एका वर्षी सत्त्याण्णव हजार आणि पुढच्या वर्षी दोन हजार असं दिसतं, म्हणजे लाख तिथे ओलांडला. १९९२ नंतर सर्टिफिकेट नाही. त्या वर्षीच्या नापास शेऱ्यात लिहिलंय की डाव्या सिलला गंज, स्प्रिंगच्या हँगरजवळ गंज. तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये.

गाडी घरी आणल्यावर पाना हातात घेण्याआधी मी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला लिहिलं. त्यांच्याकडे कारखान्याच्या प्रॉडक्शनच्या नोंदी आहेत, फी भरून चॅसी नंबर दिला की हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. ते पोस्टाने आलं आणि त्यात रंग लिहिला होता आयरिस ब्लू. सीट काळ्या, पांढऱ्या पायपिंगच्या. वायर व्हील आहेत, हीटर आहे, ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला, वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर) नाही. हीटर वेगळा लिहिलाय कारण इंग्लंडसारख्या देशात विकायच्या गाडीलासुद्धा तेव्हा तो जादा पैसे भरून घ्यावा लागायचा. बायको म्हणाली, इथल्या थंडीत हीटर एक्स्ट्रा? तर हो, एक्स्ट्रा. आता प्रश्न दोन उभे राहिले. एक म्हणजे माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्ह आहे, डॅशवर स्विच आहे, मग तो कधी बसला. दुसरा म्हणजे लाल कधी केली आणि का. डॅशबोर्डच्या मागे, डिकीत, सीटमागच्या पत्र्यावर लालच्या खाली निळा सापडला. पण पुढच्या डाव्या मडगार्डला खरवडलं तर लालच्या खाली प्रायमर आणि प्रायमरच्या खाली नुसता पत्रा. निळा नाहीच. हे मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेलो.

मग पत्रा. बाहेरून सिल चांगले दिसत होते. पण दोन्हीकडे मूळ सिलवरच नवा सिल चढवून वेल्ड केलेला होता, वरून पुट्टी भरून रंग. ऐंशीच्या दशकात असं सर्रास करायचे, गाडी पास होऊन पुढच्या वर्षापर्यंत गेली की झालं. वरचा कापल्यावर आतला मूळ सिल हातात पापडासारखा मोडला. एमजीबीचा सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, बाहेरचा सिल, त्याच्या आत उभा पडदा, आतला सिल आणि खाली किल्ल्याच्या तटासारखा दातेरी घडीचा कॅसल सेक्शन, हे सगळं मिळून एक पोकळ पेटी होते आणि उघड्या गाडीत वर छप्पर नाही म्हणून गाडीचा सगळा ताण ही पेटी घेते. ती सडली की गाडी मधून बसते, दरवाजे लागत नाहीत.

इथे एमजी क्लबमधल्या बऱ्याच जणांनी सल्ला दिला की सरळ हेरिटेज शेल घे. विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी जुन्या मूळ प्रेस टूलवर एमजीबीची पूर्ण बॉडी बनवते, १९८८ पासून. दहा हजार पौंडांच्या वर किंमत, पण पत्रा कोरा आणि सरळ. तुझं सामान त्यात घाल, रंगव, चालव. सल्ला चुकीचा नाही, ज्यांची बॉडी जाऊनच राहिलीय त्यांना त्या शेलने गाड्या परत दिल्यात आणि हे काम ज्यांनी सुरू केलं त्यांचे सगळ्या एमजीवाल्यांवर उपकार आहेत. पण माझ्या गाडीत इंजिन आधीच बदललेलं, मडगार्ड बदललेलं असावं असा संशय, गिअरबॉक्सही मूळचा नाही. आता बॉडीपण बदलली तर त्या पशुवैद्य बाईंनी चालवलेली गाडी म्हणजे नक्की काय राहिलं? नंबर प्लेट? डीव्हीएलएच्या, म्हणजे त्या स्वान्सीच्या नोंदणी ऑफिसच्या, तेव्हाच्या पॉइंटच्या हिशोबातसुद्धा गाडीची ओळख ठरवताना बॉडीला पाच पॉइंट आणि इंजिनाला एकच होता, सरकारलाही मोनोकॉक गाडीत जीव कुठे असतो ते कळतं. फ्लोअरचा अर्धा भाग, मागचं सगळं, स्कटल (पुढच्या काचेखालचा भाग), डोअर पिलर चांगले होते. मी ठरवलं की सडलं तेवढंच कापायचं, चांगलं आहे ते एक इंचही काढायचं नाही.

हे काम २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. पार्ट पोस्टाने येत होते आणि वेळ भरपूर. पहिल्यांदा दोन्ही दरवाज्यांच्या जागेत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून गाडी जखडली, पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंत. हे न करता सिल कापला तर बॉडी वाकलीच म्हणून समजा. गाडी ॲक्सलवर टेकवून ठेवायची, मध्ये जॅक लावून नाही, म्हणजे वजन रस्त्यावर असतं तिथेच पडतं. एका वेळी एकच बाजू. मग जुने स्पॉट वेल्ड एकेक शोधून स्पॉट ड्रिलने नुसता वरचा पत्रा भोकायचा, खालचा शाबूत राहिला पाहिजे, आणि पातळ छिन्नी घालून पत्रे सुटे करायचे. एकेका बाजूला ढिगाने वेल्ड. नवा कॅसल सेक्शन क्लँपने बसवायचा, आतला सिल बसवायचा, दरवाजा लावून फट बघायची, मग दोन टाके मारायचे, परत दरवाजा लावायचा, परत फट. फट वर चार मिलिमीटर आणि खाली सहा आली तर टाके तोडून परत. रुटीन असं की वेल्डिंगला दहा मिनिटं आणि दरवाजा लावण्या-काढण्यात संध्याकाळ. पण बाहेरचा सिल लागायच्या आधी जेव्हा दरवाजा एका बोटाने ढकलला आणि टक करून बसला, तेव्हा मी आतून बायकोला ओरडून बोलावलं आणि तिला चार वेळा उघडून बंद करून दाखवला. तिने पण स्वतः करून बघितला.

कापलेले तुकडे फेकले नाहीत. प्रत्येकावर मार्करने जागा आणि तारीख लिहून फोटो काढला, आणि मूळ कारखान्याच्या सिलचा एक हातभर तुकडा ठेवून दिला, ज्यावर आतून अजून निळ्याचा फवारा आहे.

पुढचं सस्पेन्शन खोललं तेव्हा किंगपिन झिजलेल्याच होत्या, इतकी वर्षं ग्रीस नाही. नवे बुश प्रेस करून बसवल्यावर ते आतून रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, मापात आणावे लागतात, वरचा आणि खालचा एका रेषेत. इथले लोक बहुतेक वेळा हे करून आणलेले एक्स्चेंज पार्ट घेतात, पण मला स्वतः करायचं होतं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, फोन व्हाइसच्या शेजारी उभा केला. ते शॉपमध्येच होते, मागे लेथचा आवाज. म्हणाले, रीमर किती फ्लूटचा हाय ते दाखीव. दाखवला. मग म्हणाले, आता एक लक्षात ठेव, आत जाताना बी उजवीकडं आणि भाईर काढताना बी उजवीकडंच फिरवायचा, मागं फिरवायचा न्हाई, धार जाती आणि बुशाला रेघा पडत्यात. मी फिरवत होतो आणि ते तिकडून नुसता आवाज ऐकत होते, एकदा म्हणाले थांब, चिप अडकलीय, काढ आणि पूस. काढला तर खरंच चिप. मग पिन तेल लावून सोडली तर आपल्या वजनाने हळूहळू खाली सरकली. बाबा म्हणाले, झालं, आता हात लावू नगंस. त्या दोन किंगपिनवर आज गाडी चालते आणि मी पहिल्या बाईंसारखी ग्रीसची तारीख पेन्सिलनेच लिहितो.

इंजिनाचं मी थोडक्यात सांगतो कारण तिथे फार काही नाट्य झालं नाही. १९६४ च्या शरदापर्यंत एमजीबीच्या क्रँकला तीन मेन बेअरिंगा होत्या, नंतर पाच केल्या. तीनवालं इंजिन हलकं फिरतं असं जुने लोक मानतात, पाचवालं दणकट. माझं गोल्ड सील इंजिनही तीनवालंच, म्हणजे मूळ जातीचं. ब्लॉक बोअर करून घेतला, क्रँक ग्राइंड, नव्या बेअरिंगा, नव्या रिंगा, आणि हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या कारण शिशाचं पेट्रोल इथे २००० पासून बंद. ब्लॉकला रंग कुठला द्यायचा यावर मी बरेच दिवस घालवले. मरून दिला तर कारखान्यातून आल्यासारखं दिसेल, पण हे इंजिन त्या रूपात या गाडीत कधीच नव्हतं. सोनेरी दिला. शोमध्ये एखादा जज नाक मुरडेल तर मुरडू दे, त्याला १९७३ चं बिल दाखवायला मी तयार आहे.

कार्बोरेटरचं काम मात्र मला सगळ्यात आवडलं. दोन एसयू एकमेकांशी जुळवायचे म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा स्स् आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग पिस्टन अगदी जरासा उचलून बघायचा, इंजिनाचा वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर मिश्रण बरोबर, वाढतच राहिला तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी. यात कसलंही मीटर नाही. कान आणि बोटं. ज्याने कुणी हे उपकरण असं उघडं, साधं, दुरुस्त करता येण्यासारखं ठेवलं त्याला माझा नमस्कार.

वायरिंगला एवढंच लक्षात ठेवायचं की १९६४ ची गाडी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, डायनॅमोवाली, आणि बॅटऱ्या दोन, सहा सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे फ्लोअरखाली टांगलेल्या. बरेच जण हे बदलून निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर करतात, रोज वापरायचं तर शहाणपणाचं. मी तसंच ठेवलं. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिक टिक टिक सुरू होते आणि कार्बोरेटर भरले की थांबते, तेवढं थांबून मग स्टार्टर द्यायचा.

आता रंगाचं. मला आयरिस ब्लू करायची होती, सर्टिफिकेट आल्या दिवसापासून. पण काकूंना मी फोटो पाठवत होतो आणि एकदा चहाला बोलावलं म्हणून गेलो तेव्हा रंगाचं बोललो तर त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या की आम्ही लग्नानंतर वेल्सला गेलो तेव्हा ती लाल होती, मला ती लालच आठवते. खरं सांगतो, परत येताना माझं मन लागेना. चाळीसच्या वर वर्षं गाडी लाल होती आणि निळी फक्त पहिली काही वर्षं, मग खरा रंग कुठला? शेवटी बाहेरून निळीच केली, कारण पहिल्या बाईंच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही आणि कारखान्याच्या वहीत निळी लिहिलीय. पण डिकीच्या झाकणाची आतली बाजू आणि सीटमागचा पत्रा पेंटरला हात लावू दिला नाही. तिथे लाल आहे, एका कोपऱ्यात लालखालचा मूळ निळा दिसतो. काकूंना ते सांगितल्यावर त्यांनी मला काकांचा डबाभर जुना पाना-सेट दिला आणि ओव्हरड्राइव्हचं कोडंही तिथेच सुटलं, १९८४ च्या सुमाराला काकांनी भंगारात गेलेल्या एका एमजीबीतून तो गिअरबॉक्स आणला होता आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर खोलला होता, हे त्यांना चांगलंच लक्षात होतं.

पेंटिंगला त्रास झाला. एका शॉपने गाडी घेतली आणि महिनोन्महिने तशीच कोपऱ्यात ठेवली, फोन उचलेनात, शेवटी ट्रेलर लावून परत आणली आणि दुसरीकडे दिली. त्यात बंपर आणि बाकी सामान सुटं पडलेलं, प्रत्येक पिशवीवर लेबल होतं म्हणून वाचलो. तुम्ही करणार असाल तर प्रत्येक नट पिशवीत घालून लेबल लावा, आणि पेंटरला गाडी देताना फोटो आणि यादीवर सही घ्या.

गाडी २०२३ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि २०१८ पासून एमओटीही सक्तीची नाही, मोठा बदल केलेला नसेल तर. तरी मी दरवर्षी करून घेतो. दुसऱ्या माणसाने गाडी वर उचलून खालून बघितली की आपल्या नजरेतून सुटलेलं दिसतं, शिवाय सर्टिफिकेटांची जी साखळी १९९२ ला तुटली ती परत सुरू झाली. पेट्रोल ई५ चं, म्हणजे कमी इथेनॉलचं, सुपरच घालायचं, २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय आणि जास्तीच्या इथेनॉलने जुने रबरी होज मऊ पडतात. मी होज नवेच घातलेत तरी सवय तीच.

तो डाव्या मडगार्डचा प्रश्न राहिला होता. क्लबच्या मासिकात मी गाडीचा जुना फोटो आणि बर्मिंगहॅमचा उल्लेख देऊन छोटी सूचना टाकली होती. बराच काळ काही नाही. आणि मग एके दिवशी फोन, पलीकडे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, पहिलं वाक्य असं की ती गाडी अजून आहे? हा दुसरा मालक. त्यांनी सांगितलं की १९७२ मध्ये एका फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासली, नवं मडगार्ड परवडेना, म्हणून मोडीच्या यार्डातून टार्टन रेड रंगाच्या एमजीबीचं मडगार्ड काढून आणलं आणि बसवलं. यार्डवाल्याकडून तिथेच लालचे उरलेले दोन डबेही मिळाले. मित्राच्या गॅरेजमध्ये दोघांनी सुट्टीच्या दिवसात आख्खी गाडी त्याच रंगात मारली. म्हणजे गाडी मडगार्डाच्या रंगाची झाली. मी त्यांना विचारलं की मग ते मडगार्ड मी काढून निळ्या जातीचं शोधू का, तर म्हणाले अजिबात नको, ते मी बसवलंय आणि बोल्ट बसवताना माझं बोट फुटलं होतं.

मडगार्ड तेच आहे, वरून आता निळं. त्यांचं सांगणं मी टाइप करून त्यांना पाठवलं, त्यांनी सही करून परत पाठवलं आणि ते १९७३ च्या इंजिनाच्या बिलाच्या आधी फाइलमध्ये लावलंय. पुढच्या महिन्यात ते गाडी बघायला ॲबिंग्डनला येतायत, काकूंनाही विचारलंय. त्याआधी ओव्हरड्राइव्ह बघायचाय, गरम झाल्यावर चौथ्या गिअरला तो उशिरा पकडतो. आधी तेल आणि तो चालू करणाऱ्या सोलेनॉइडचं सेटिंग बघेन, त्याने नाही भागलं तर हिवाळ्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उतरवावे लागतील, या गाडीत गिअरबॉक्स एकटा निघत नाही. बाबा तेव्हा इकडे येणार आहेत, त्यांनी तिकिटाच्या तारखा आत्ताच विचारून ठेवल्यात.